ड्रॅगनसाठी चाळीस प्रश्न

देवपूर, धुळे
८ जानेवारी २०२४

चि. बादल,

आशीर्वाद सुरुवातीलाच देऊन टाकतो, कारण पुढे काम सांगायचं आहे.

पुस्तक झालं! पंधरा वर्षं जे कपाटात आणि माझ्या डोक्यात घोळत होतं ते आता अमळनेरला झुलालच्या छापखान्यात आहे. नाव ठेवलंय, 'ड्रॅगन मूळचा खान्देशचा'. दोनशे बारा पानं, चौदा नकाशे. नकाशे मी स्वतः काढले आहेत, भूगोलाचा मास्तर आहे, मागे हटतो काय! आमच्या घरी तुझ्या काकू मात्र एकच म्हणतात, "बठ्ठं घर कागदंसनी भरी गयं, आते तरी रिकामं करा."

सिद्धांत तुला पाठ आहे, तरी म्हाताऱ्याचं ऐकून घे. बुऱ्हाणपूरहून सुरतेला माल नेणारे लमाणांचे तांडे सातपुड्याच्या पायथ्याशी मुक्काम करायचे. उन्हाळ्यात डोंगरावर वणव्याची रांग वाकडीतिकडी सरकताना त्यांनी पाहिली, आणि तुमच्या पावरा लोकांकडून त्या अग्निसर्पाची गोष्ट ऐकली. ती गोष्ट बैलांबरोबर सुरतेला गेली, तिथून गलबतात बसली, आणि चीनला उतरली. चीनमध्ये प्रवासाने तिचे पंख गळाले, विलायतेला गेली तिचे टिकले. लोक विचारतात, तोंडातून आग का? अरे, जळगावचा मे महिना काढलेल्या कुठल्याही प्राण्याच्या तोंडातून आगच निघेल! अमळनेरच्या व्याख्यानात एक प्राध्यापक हसले होते. मी विचारलं, "ड्रॅगन इथला नाही याला तुमच्याकडे पुरावा काय?" चष्मा पुसत बसले बिचारे.

माझ्याकडे मात्र पुरावा आहे. बाकी सगळी अनुमानं, पण पाचवं प्रकरण पुरावा. २००९ साली तुझ्या बिजलीकाकींनी त्यांच्या बांधावरच्या, पंखांच्या आणि तोंडात ज्वाळा असलेल्या लाकडी प्राण्याबद्दल दिलेली माझ्या चाळीस प्रश्नांची उत्तरं. त्या प्रकरणावर माझं सगळं घर उभं आहे.

तर काम असं. २५ फेब्रुवारीला, रविवारी, इथे देवपुरात प्रकाशन. बिजलीबाईंना घेऊन यायचं. शाल, श्रीफळ आणि दोन मिनिटं त्यांनी त्यांच्या पावरी बोलीत बोलायचं. मराठीत तू सांगायचंस, तेव्हासारखंच. फोन करू नकोस, कान गेल्यापासून फोनमध्ये मला नुसती खरखर ऐकू येते.

तुझा,
रतिलाल सर


आंबापाडा, ता. चोपडा
१७ जानेवारी २०२४

आदरणीय सर,

आंबापाड्याहून नमस्कार. पुस्तकाची बातमी वाचून आनंद झाला. बायकोला, उषालाही वाचून दाखवली. तिने तुमच्यासाठी मोहाची फुलं वाळवून ठेवायचं ठरवलं आहे.

काकीचं मात्र अवघड दिसतं. तिचे गुडघे दुखतात. गाडीत बसली की तिला उलट्या होतात, चोपड्याच्या पुढे ती सात-आठ वर्षांत गेलेली नाही. त्यातून फेब्रुवारीत हरभरा काढणीला येतो. माणसांसमोर बोलायची तिला सवयही नाही. शाल तुम्ही माझ्याकडे दिलीत तर मी तिला पोचवीन.

सर, पाचवं प्रकरण किती पानांचं आहे?

तुमचा विद्यार्थी,
बादल


देवपूर
२४ जानेवारी २०२४

चि. बादल,

गुडघे, उलट्या आणि हरभरा! तीन कारणं एका पत्रात देणारा मुलगा शाळेत गृहपाठ करून येत नसे, हे मला चांगलं आठवतं. प्रकाशनाचं सगळं माझी लेक हेमांगी बघते, ती जळगावहून स्वतःची गाडी घेऊन येईल आणि काकींना दारातून उचलेल. उलटीसाठी आलेपाक देऊ. हरभरा एक दिवस थांबतो.

प्रकरण सव्वीस पानांचं आहे. सोबत प्रूफाचं एक पान जोडतो. हे काकींना त्यांच्या भाषेत वाचून दाखव आणि काही राहिलं असेल तर विचार.

प्रश्न ७ : या प्राण्याला पंख होते का?
उत्तर : होते. पूर्वी तो या डोंगरावरून त्या डोंगरावर जायचा.
प्रश्न १२ : त्याच्या तोंडातून आग निघायची का?
उत्तर : आमच्या आजोबांच्या आजोबांनी पाहिली होती.
प्रश्न ३१ : परदेशी माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांना तो माहीत होता का?
उत्तर : बैलवाले आले होते. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, हे आम्ही दूरच्या लोकांना सांगू.

हे एकतिसावं उत्तर वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो. ज्या बाईने शाळेची पायरी पाहिली नाही, तिच्या तोंडून सुरतेचा व्यापारी मार्ग! मला मरायला हरकत नाही असं त्या दिवशी वाटलं होतं. परतीच्या एसटीत मी तुला शेंगा घेऊन दिल्या होत्या, आठवतं?

तुझा,
रतिलाल सर


आंबापाडा
२ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,

पान मिळालं. वाचलं. काकीला वाचून दाखवलेलं नाही.

एक सुचवू का? पाचवं प्रकरण वगळलंत तरी पुस्तक भक्कम राहील. लमाणांचा मार्ग आहे, वणवा आहे, नकाशे आहेत. एका म्हातारीच्या बोलण्यावर एवढा भार कशाला?

आणखी एक गोष्ट मी तुम्हाला कधी कळवली नाही. तुमची लेखमाला दैनिकात आली त्यानंतर लोक यायला लागले. चोपड्याहून, यावलहून मोटरसायकलवर येतात. 'ड्रॅगनदेव कुठे' असं विचारतात. त्याच्या जबड्यात हात घालून मोबाइलवर चित्रण करतात, कोणी वर चढून बसतं. ज्याला देव मानून काकी रोज सकाळी पाणी दाखवते त्यावर माणसं बसतात. तिने त्याच्यावर पोतं बांधून ठेवलं आहे. मोटरसायकलचा आवाज आला की ती घर सोडून शेतात जाते. मी शाळेत शिकवत असतो, पण सुट्टीच्या दिवशी घरी असलो तरी बाहेर येत नाही. मला त्यांना हाकलता येत नाही.

ती येणार नाही सर. कृपा करून गाडी पाठवू नका.

बादल


देवपूर
८ फेब्रुवारी २०२४

प्रिय बादल,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, मग उमगलं, तू काय म्हणतोस ते.

तू दुखावला आहेस आणि ते तुझं बरोबर आहे. लेखमालेत मी लिहिलं, 'बिजलीबाईंशी मी त्यांच्याच बोलीत संवाद साधला.' अमळनेरला तर भर सभेत सांगितलं की मला पावरी येते. मला पावरीतलं 'पाणी' येतं, 'भाकर' येते आणि 'खाली बस' येतं. ते सबंध संभाषण तुझ्या तोंडून झालं, आणि तुझं नाव मी कुठेही घेतलं नाही. दुभाषा मध्ये असला की संशोधन हलकं वाटतं, असा माझा हिशेब होता. चोवीस वर्षांचा, नोकरीला नुकता लागलेला पोरगा, त्याला काय कळणार, असंही वाटलं असेल. आज लिहिताना कानशिलं तापली आहेत. तुझ्या काकींना होणाऱ्या त्रासाचीही मला लाज वाटते. मी कधी विचारलंच नाही की पुढे काय झालं.

म्हणून काल अमळनेरला जाऊन आलो. झुलालने तोंड वाकडं केलं, पण अर्पणपत्रिका बदलून घेतली. आता पहिल्या पानावर आहे, 'बादल पावरा यास, ज्याने माझ्यासाठी सातपुडा बोलता केला.'

आता तरी ये. काकी नाही आल्या तर निदान तू ये. माझ्या शेजारी बस आणि ती उत्तरं तू वाच.

तुझा,
सर


आंबापाडा
१४ फेब्रुवारी २०२४

आदरणीय सर,

अर्पणपत्रिका काढून टाका. आजच काढा. हे पत्र रजिस्टरने पाठवतो आहे.

मी दुखावलो नव्हतो. माझं नाव कुठे नाही याचं मला पंधरा वर्षं बरं वाटत होतं.

त्या दिवशी काकीने उत्तरं दिली नाहीत. तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, 'या प्राण्याचं नाव काय?' ती म्हणाली, 'मगर.' मी तुम्हाला सांगितलं, 'याचं नाव घेत नाहीत.' तुम्ही पंखांचं विचारलंत. ती म्हणाली, 'नाहीत.' आगीचं विचारलंत, ती म्हणाली, 'हा काय विचारतो आहे?' पुढे पुढे ती एकच म्हणत होती, 'मला नाही माहीत.' एकतिसाव्या प्रश्नाला तर ती नुसती चुलीकडे पाहत बसली. बैलवाले, त्यांचे जोडलेले हात, दूरचे लोक, हे सगळं माझं आहे. तुम्ही येताना रस्त्यात मला जे सांगत होतात, तेच मी तुम्हाला परत दिलं.

का दिलं, हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. मार्चचं ऊन होतं. फाट्यापासून तुम्ही दोन तास चालत आला होतात. चपलेचा अंगठा तुटला म्हणून सुतळी बांधली होती. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग तो ज्यासाठी आला ते देतात. घरात नसेल तर शेजारून आणून देतात, पण रिकामं पाठवत नाहीत. माझ्या घरात उत्तर नव्हतं.

पण एवढंच कारण नाही, ते सांगितल्याशिवाय पत्र पुरं होणार नाही. मी डी.एड.ला होतो तेव्हा मुलं मला विचारायची, तुमच्याकडे काय आहे? मी म्हणायचो, काही नाही, डोंगर आहे. आणि तुम्ही मला सांगत होतात की सगळ्या जगातली एक गोष्ट आमच्या डोंगरातून गेली. असं म्हणणारे तुम्ही पहिले. मला ते खरं असावं असं फार वाटलं. सातव्या प्रश्नाला मी पहिल्यांदा 'हो' म्हणालो, तुमचा चेहरा पाहिला, आणि पुढचे 'हो' सोपे गेले.

मी शिक्षक आहे. वर्गात खोटं बोलणाऱ्या पोरांना मी उभं करतो. मला फार लाज वाटते सर. काकीसमोर जास्त वाटते. तिचा देव मी तिच्यासमोर बसून बदलला आणि तिला पत्ता लागू दिला नाही.

पुस्तक थांबवा. मला जे बोलायचं ते बोला.

बादल


आंबापाडा
४ मार्च २०२४

आदरणीय सर,

रजिस्टरची पोच आली. १९ तारखेची आहे, सही तुमचीच आहे. उत्तर नाही. २५ तारीख गेली. मी सोमवारी चोपड्याला जाऊन पेपर पाहिले, काही सापडलं नाही. कार्यक्रम झाला की नाही हे मला माहीत नाही, आणि विचारायचं तोंड नाही. तुम्ही मला पत्र लिहिणार नाही, हे मी धरून चाललो आहे.

हे एवढ्यासाठी लिहितो की परवा मी काकीला सगळं सांगितलं. ती तूर पाखडत होती. ऐकून सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "मला माहीत आहे. मराठी मला तेव्हाही समजत होतं. चोपड्याचा बाजार मी कोणत्या भाषेत करते?"

मी विचारलं, मग तेव्हाच का बोलली नाहीस?

ती म्हणाली, "तुझा गुरू समोर होता. त्याच्यासमोर तुला खोटा पाडू? पण त्या दिवसापासून मगरीला पाणी दाखवताना मी तिच्याकडे बघत नाही."

पंधरा वर्षं, सर. दररोज.

बादल


देवपूर
११ मार्च २०२४

बादल,

तुझं पत्र १९ तारखेलाच मिळालं. प्रकाशन २५ ला होतं. मध्ये सहा दिवस होते. मला खुर्चीवरून उठून हेमांगीला एक वाक्य सांगायचं होतं, ते सांगता आलं नाही. पत्र शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश वरच्या फळीवर ठेवला. कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुण्यांनी पाचव्या प्रकरणातली पानं मोठ्याने वाचली. एकतिसाव्या उत्तराला टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला.

घरी आल्यावर हार काढून ठेवत होतो, तेव्हा तुझ्या काकूंनी विचारलं, "ती बाई काब नही उनी?" मी म्हणालो, गुडघे दुखतात. तुझंच कारण वापरलं.

तू लिहितोस की तू मला फसवलंस. एवढं स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. बिजलीबाई माझ्यापासून दोन हातांवर बसल्या होत्या. मी विचारायचो आणि त्या मान आडवी हलवायच्या. तू 'हो' म्हणायचास. मी वहीत 'हो' लिहायचो. ती मान मला दिसत होती, बादल. आडव्या मानेला दुभाषा लागत नाही. बत्तीस वर्षं मास्तरकी केली, कोणाला उत्तर येतं आणि कोण मला खूश करायला बोलतो आहे, हे पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत मला कळायचं. त्या दिवशीही कळत होतं.

अजून खालचं सांगतो. तिथे धनसिंग म्हणून वनरक्षक होता, पावरी उत्तम बोलायचा. तो बरोबर यायला तयार होता. मी त्याला टाळलं, कारण तो तोंडावर नाही म्हणणारा माणूस. तुला नेलं, कारण तुझ्या नोकरीच्या अर्जासोबत माझी शिफारस होती आणि तू मला नाही म्हणणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. शेंगा मी तुला आनंदाने दिल्या असं लिहिलं होतं. आनंद होताच. पण गप्प बसवायलाही दिल्या असतील.

निवृत्त झाल्यावर माणसाकडे कोणी येत नाही. ड्रॅगनमुळे माझ्याकडे लोक येत होते. हे कारण म्हणून देत नाही, नुसतं सांगतो.

गेल्या सोमवारपासून वाटलेल्या प्रती परत मागायला निघतो. दिवसाला चार घरं होतात, पाय तेवढेच साथ देतात. लोक विचारतात, "काय झालं सर, छपाईची चूक आहे का?" तिथे 'हो' म्हणणं फार सोपं आहे. पहिल्या दोन घरी म्हणालोही. मग परत जाऊन त्यांना खरं सांगितलं. आजवर एकोणीस प्रती आल्या. दैनिकालाही खुलासा पाठवला आहे, त्यांनी तो अजून छापलेला नाही, पण मी रोज जाऊन बसतो. ज्या घरी प्रत ठेवून घेतात, तिथे मी पाचव्या प्रकरणावर पेनने रेघ मारून येतो.

बिजलीबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना एकच विचार, ती मगर कशी आली. पंख, आग, बैल, काहीही सुचवायचं नाही. बोलल्या तर बोलल्या. 'नाही माहीत' म्हणाल्या तर तेवढंच लिही. बोलल्याच नाहीत तर कोरा कागद पाठव, मी समजेन.

रतिलाल


आंबापाडा
२२ मार्च २०२४

आदरणीय सर,

पत्र पोचलं. उत्तर द्यायला उशीर केला, कारण होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार चालू आहे आणि काकी सापडत नव्हती. काल दुपारी ती बांधावर भेटली. तुमचा नमस्कार सांगितला, मग प्रश्न विचारला. पुढे काही सुचवलं नाही. मग ती बोलली. मी तिथेच वहीत पावरीत उतरवून घेतलं, घरी येऊन मराठी केलं. ते असं.

"ती माझ्या नवऱ्याने केली. पुन्याने. माझं माहेर लांब, पश्चिमेला. तिकडे आमच्या शेताला लाकडाची मगर होती, ती राखण करायची. लग्न होऊन इथे आले तर बांध मोकळा. पीक वर आलं की मला भीती वाटायची. मी रडायचे. पुन्या म्हणाला, मी करून देतो, कशी असते ते सांग. मी सांगितलं. खरी मगर मी कधी पाहिली नाही, लाकडाची पाहिली, तीही लहान होते तेव्हा. त्याने लाकडाचीही पाहिली नव्हती. तो काही सुतार नव्हता. जंगलात बसून करायचा, कोणाला दाखवायचा नाही. पाय करायला गेला ते पसरट झाले आणि वर गेले. जीभ करायला गेला ती मोडली, तुकडा बाहेर राहिला. आणली तेव्हा मला हसू आलं. मी हसले. त्याला फार लाज वाटली. लोकांना त्याने सांगितलं, बायकोच्या माहेरून आणली, फार जुनी आहे. मीही तेच सांगितलं. तो गेला तोवर तेच सांगितलं. सर आले, त्यांनी खूप विचारलं. कोणी केली हे विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं का, मला नाही माहीत. मी हसायला नको होतं."

एवढंच ती बोलली. मध्ये दोनदा थांबली, ते मी लिहिलेलं नाही. बाकी एक शब्द मी घातलेला नाही आणि एक काढलेला नाही. मी त्या काकाच्या खांद्यावर बसून मोठा झालो, मला यातलं काही माहीत नव्हतं.

लिहून झाल्यावर मी तिला ते तिच्या भाषेत वाचून दाखवलं. तिने विचारलं, "त्याचं नाव घातलंस?" मी म्हणालो, घातलं. ती म्हणाली, "तेवढं परत वाच." मी परत वाचलं. मग ती उठली आणि मगरीवरचं पोतं सोडायला लागली. गाठी घट्ट बसल्या होत्या, म्हणून मी दुसऱ्या बाजूने धरलं.

बादल